ऑल्डर ओढ्यावरचा मोजणीदार

मी एक मोजणीयंत्र आहे. बोलणं माझ्या नेमणुकीत बसत नाही. पण गेल्या दोन वर्षांत माझ्या नावावर इतके लोक इतकं बोलले, की म्हटलं आपणही एकदा बोलून घ्यावं.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर माझ्यापुढून वीस वेळा हात हलवण्यात आला, वीस आकडा आला आणि मी शहाणा ठरलो. त्यानंतर माझ्या शहाणपणात काही भर पडलेली नाही. समोरून ऊब असलेलं काहीही गेलं की मी एक म्हणतो. एल्क हरीण गेलं, एक. एटीव्हीवर, म्हणजे डोंगरात चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलवर, बसून माणूस गेला, एक. तो कशासाठी गेला हे विचारण्याची सोय माझ्यात ठेवलेली नाही.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या डोंगरात, ऑल्डर ओढ्याच्या अलीकडे, एका पाइनच्या बुंध्याला मला लाकडी पेटीत घालून बांधलं. बांधणारा कर्टिस, वन खात्याचा माणूस. माझ्यापुढे वीस पावलांवर वाट पाण्यात उतरते आणि पलीकडे निघते. पूल नाही, गाड्या पाण्यातूनच जातात; या जागेला सगळे उतार म्हणतात. जूनमध्ये वरचं बर्फ वितळलं की तिथे पाणी कमरेला लागतं.

त्याच पाण्यात आदल्या वर्षी फेर्मिन पडला होता. फेर्मिन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मूळचा स्पेनकडचा बास्क मेंढपाळ. त्याच्या मेंढ्या उन्हाळाभर ओढ्यापलीकडच्या कुरणात असतात आणि तो रोज एटीव्हीवरून त्यांना भेटायला जातो. गाडी उलटली, पाय खाली अडकला, पाणी हनुवटीपर्यंत. चाळीस मिनिटं तो काठावरच्या विलो झाडाच्या मुळांना धरून होता. त्याची बायको बेगोन्या शोधत आली, तेव्हा तो म्हणाला, "एवढा उशीर?"

तेव्हापासून बेगोन्याला या जगात एकच गोष्ट हवी होती: पूल. फेर्मिनला घरी बसवणं तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीही जमलं नव्हतं.

गंमत म्हणजे पूल सगळ्यांनाच हवा होता. गाडीवाल्यांना जीव वाचवायला हवा होता. कर्टिसला ट्राउट मासे वाचवायला हवा होता, कारण मासे त्याच उतारावरच्या खड्यांत अंडी घालतात आणि वरून चाकं जातात. पैसेही होते. इथे प्रत्येक एटीव्हीवर दरवर्षी परवान्याचा एक स्टिकर विकत घेऊन लावावा लागतो. तो पैसा वाटा, सुरक्षा आणि निसर्ग यांच्यासाठीच राखलेला असतो. फक्त अर्ज करायचा आणि राजधानीतल्या समितीकडून गुण मिळवायचे. वापराचे गुण सर्वांत जास्त. वापर किती, हे सांगायला मी.

"किती गाड्या दिसायला हव्यात?" डेलबर्ट हॅचने विचारलं. हा गाडीवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष.

"खऱ्या असतील तेवढ्या," कर्टिस म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला.

जीप वळणाआड गेल्यावर डेलबर्ट शेजारी उभ्या बेगोन्याला म्हणाला, "तू रोज इथवर येतेस ना? मग एकदा येण्याऐवजी पन्नासदा ये."

"हा खोटेपणा झाला."

"तू खरोखर गेलीस, खरोखर आलीस. खोटं काय त्यात? यंत्र कधी खोटं बोलतं का?"

माझी एवढी स्तुती पूर्वी कुणी केली नव्हती.

बेगोन्या चर्चला न चुकता जाणारी बाई. तिने स्वतःच्या मनाशी एक तडजोड काढली. फेर्मिन ओढा उतरून पलीकडे गेला, की ती आपल्या एटीव्हीच्या दांड्याला रोझरीची जपमाळ गुंडाळायची आणि माझ्यापुढून फेऱ्या मारायची. एक फेरी, एक मणी, एक "नमो मरिया". माळेत एकोणसाठ मणी. प्रार्थनाही खरी आणि फेरीही खरी, असं तिचं म्हणणं असावं. शनिवारी डेलबर्टची मंडळी यायची. ते प्रार्थना करत नसत, बिअर पीत आणि माझ्यापुढे गोल गोल फिरत. सुरक्षेच्या निधीसाठी इतक्या बेताल गाड्या हाकलेल्या मी पाहिल्या नाहीत.

ऑक्टोबरात कर्टिसने झाकण उघडलं. अकरा हजार चारशे बारा. त्याने मला थापटी मारली, हलवलं, पुन्हा वाचलं. मग डोंगराकडे पाहिलं. बिचारा तरुण होता, आकड्यांवर त्याचा विश्वास होता.

समितीचा निर्णय वसंतात आला. माशांच्या अंड्यांवरून मोसमाला अकरा हजार गाड्या जातात हे वाचून समिती हादरली होती. उतार ताबडतोब बंद. निधी मंजूर: एक लोखंडी फाटक, चार पाट्या आणि एक वर्षाचा अभ्यास. पुलाचा विचार अभ्यासानंतर.

फाटक बसलं. पाट्या लागल्या. आठवड्यात चारही पाट्यांना भोकं पडली. इकडे पाटीवर गोळी झाडणं ही ती वाचल्याची पोच असते. डेलबर्ट फाटकाशी उभा राहून म्हणाला, "आकडा जरा जास्तच चांगला आला."

फेर्मिनच्या मते फाटक गाड्यांसाठी असतं, मेंढपाळांसाठी नाही. तो वरच्या अंगाने, सुट्या दगडांच्या उतरणीवरून गाडी तिरकी घालून जाऊ लागला. तिथे चाकाखालचा दगड आधी निघतो आणि मग चाक. मला तो दिसायचा नाही, नुसते दगड गडगडताना ऐकू यायचे. बेगोन्या फाटकाला धरून उभी असायची आणि प्रत्येक आवाजाला डोळे मिटायची.

अशा तीन आठवड्यांनंतर ती समितीच्या सुनावणीला गेली. पुढचं मला कर्टिसकडून कळलं. बॅटरी बदलताना तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. सुनावणी गावातल्या शाळेच्या खेळघरात होती, प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. बेगोन्या चर्चचा कोट घालून उभी राहिली.

"अकरा हजारांतले सहा हजार मी आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांनी आपापलं सांगावं."

बाकीचे बुटांकडे पाहू लागले.

"असं का केलंत, बाई?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पूल हवा होता. आता नको. फाटक तेवढं काढा. माझा म्हातारा पाण्यातून जायचा तो आता कड्यावरून जातो. पाण्यात निदान धरायला मुळं तरी होती."

"नोंद घेतली. तुमची दोन मिनिटं शिल्लक आहेत."

"दोन मिनिटांत पूल होईल का?"

हे सांगताना कर्टिस हसला नाही. त्याने माझी बॅटरी दोनदा उलटी बसवली.

समितीने खरा आकडा काढला: नऊशे. नऊशे गाड्यांसाठी उतार बंद करण्याचं कारण नाही, फाटक काढावं. नऊशे गाड्यांसाठी पूल बांधण्याचंही कारण नाही, अर्ज निकाली काढावा. अभ्यासाचा निधी मात्र अभ्यासावर खर्च झाला होता. त्याचा निष्कर्ष असा, की इथे पूल असता तर बरं झालं असतं.

फाटक गेलं, मला शून्यावर आणलं, आणि फेर्मिन पुन्हा पाण्यातून जाऊ लागला. बेगोन्या अलीकडे दगडावर बसून त्याची वाट पाहू लागली.

"रोज कशाला येतेस?" तो विचारायचा.

"हवा खायला."

"घरी हवा नाही?"

"घरची तू घोरून संपवतोस, म्हाताऱ्या."

आता जून आहे. पाणी चढलं आहे. बेगोन्या चार दिवसांपासून आलेली नाही; तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, ती गावात लेकीकडे आहे. "मी परत येईपर्यंत ओढ्यापलीकडे जाणार नाहीस," असं तिने त्याच्याकडून माझ्यासमोरच वदवून घेतलं होतं. ते वचन मी रोज मोजतो. सकाळी जाताना एक, संध्याकाळी येताना एक.

कर्टिस मला वाचायला ऑक्टोबरात येईल. समितीला ऑक्टोबर पुरतो. म्हणून तुम्हाला विनंती आहे. या वाटेने आलात तर संध्याकाळी माझं झाकण उघडून बघत जा. एखादं एल्क गेलं असेल तर आकडा चुकेल, तुमची धाव फुकट जाईल, तेवढं सोसा. आकडा सम असला तर झाकण लावा आणि जेवायला जा. विषम असला तर झाकण लावत बसू नका.