धनेशाच्या झाडाला बांधलेली पट्टी

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या भिंगाला बुरशी आली आहे आणि गळ्याचा पट्टा कुजत चालला आहे. सिल्वासातल्या एका फ्लॅटमध्ये, कपाटात, स्वेटरांच्या खाली मी तीन वर्षे पडून आहे. इथे थंडी पडते ती नावालाच, त्यामुळे स्वेटर काढायलाही कुणी हे कपाट उघडत नाही. बरेच आहे म्हणा. मलाही कुणाला तोंड दाखवावेसे वाटत नाही.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. भिंगे घासून, पुसून, नळीत बसवून झाली, तेव्हा तपासणाऱ्याने मला खिडकीबाहेर रोखले आणि मान डोलावली. तेवढ्या कौतुकावर मी फुगले होते. पुढे नाशिकच्या एका दुकानातून सुजाताने मला घेतले. ती मसाटच्या एका प्लास्टिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागली आणि मी तिच्याबरोबर इकडे आले. दर रविवारी आम्ही खानवेलच्या पुढच्या डोंगरात पाखरे बघायला जायचो. सोबत झुंबरभाऊ असत. ते नंदुरबारकडचे, तिच्याच कारखान्यात मशीनवर होते आणि नरोलीत भाड्याच्या खोलीत राहत. त्यांना माझी गरज लागत नसे. मी पाखरू शोधेपर्यंत त्यांचे बोट त्याच्यावर गेलेले असे. खरे सांगते, मला त्यांचा थोडा रागच यायचा.

ती ढोलीही त्यांनीच शोधली. बेहड्याच्या उंच खोडात एक भोक, ते चिखलासारख्या लेपाने बुजवलेले, मध्ये फक्त एक फट. तिथे एक मोठा काळापांढरा पक्षी येऊन टेकला. तो कवड्या धनेशाचा नर होता.

"मॅडम, मादी आत बसेल आहे," झुंबरभाऊ हळूच म्हणाले. "तिनं सोताला कोंडून घेतलंय. आता नर देईल तेच खाईल."

सुजाताने मला डोळ्यांवरून खाली घेतलेच नाही. हा पक्षी या डोंगरात घरटे करतो हे तिने कधी ऐकलेही नव्हते. आत गेल्यावर मादीची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. तिचा आणि पिल्लांचा जीव नराच्या चोचीवर असतो.

नर गळ्यात उंबरे भरून आणायचा आणि एकेक फळ फटीतून आत द्यायचा. आम्ही लांब झुडपाआड बसून बघायचो. मे महिन्यात आतून पिल्लांची बारीक किरकिर ऐकू आली, तेव्हा सुजाता लहान मुलीसारखी हसली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग एका रविवारी सहलीला आलेली काही पोरे त्या झाडाखाली स्पीकर लावून नाचत होती. त्यांच्यातल्या एकाने ढोलीकडे दगडही भिरकावला. सुजाताने त्यांना हाकलले, पण तिच्या जिवाला घोर लागला. कारखान्यात धोक्याची जागा दिसली की ती पिवळी-काळी पट्टी बांधायची आणि मग तिकडे कुणी फिरकत नसे. तिने इथेही तेच केले. दुसऱ्या रविवारी बॅगेतून पट्टीचे भेंडोळे आणले आणि बेहड्याला व आजूबाजूच्या झाडांना गुंडाळले. वाऱ्यावर पट्टी फडफडू लागली.

"आता कुणी जवळ जाणार नाही," ती म्हणाली. खरोखरच कुणी गेले नाही. नरही गेला नाही.

दोन तास झाले. झुंबरभाऊ म्हणाले, "मॅडम, तो पलीकडच्या झाडावर बसेल आहे. गळा भरेल आहे त्याचा, पण येत नाही. पट्टीला घाबरतोय. सोडून टाकू का?"

"सवय होईल त्याला, झुंबरभाऊ. पट्टी काढली आणि ती पोरं परत आली तर?"

मी ढोलीवर रोखलेली होते. मला नराकडे वळवले असते, तर तो झेपावून पुन्हा माघारी कसा फिरतो ते मी दाखवले असते. पण मला रोखतील तिकडेच मी बघते. ही माझी सबब आहे, आणि मला तिची लाज वाटते.

त्या आठवड्यात कारखान्यात तपासणी होती. सुजाताला सुट्टी मिळाली नाही, झुंबरभाऊंनाही डबल ड्युटी लागली, आणि पट्टी झाडाला तशीच राहिली. पुढच्या रविवारी आम्ही गेलो, तेव्हा लेप आतून फोडलेला होता. मादी झाडाखाली पडली होती. तिची पिसे अर्धीच फुटली होती आणि अंगावर मुंग्या चढल्या होत्या. सुजाता खोडाला कान लावून कितीतरी वेळ उभी राहिली. आतून काहीच आवाज आला नाही.

तिने ओरबाडून पट्टी काढली. झुंबरभाऊंनी तिला हाताला धरून लांब नेऊन बसवले.

पंधरा मिनिटांत नर आला.

या वेळी मी त्याच्यावरच रोखलेली होते. सुजाताच्या आसवांनी माझी काच ओली झाली, तरी मला सगळे दिसले. त्याने गळ्यातून एक उंबर वर काढले आणि ढोलीत धरले. ते कुणी घेतले नाही, खाली पडले. त्याने दुसरे काढले. मग तिसरे. शेवटचे उंबर चोचीत धरून तो तसाच थांबून राहिला. घरी आल्यावर सुजाताने मला कपाटात ठेवले आणि पुन्हा हात लावला नाही.

मित्रांनो, सुजाता वाईट नव्हती. त्या पाखरांवर तिच्याइतकी माया कुणीच केली नसेल. म्हणून तुम्हाला विनवते. घरटे सापडले, तर लांब बसा. काही तोडू नका, काही बांधू नका. आणि पाखरू घरट्याकडे येत नसेल, तर त्याला सवय होईल असे म्हणू नका. मुकाट्याने उठा आणि घरी जा. आत कुणीतरी उपाशी असते.