जॅकचा वळ

त्या गॅरेजवर पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणी घेत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, "साडूंकडे गाडी टाकलीये." दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकत्र धंदा करतात आणि तरीही एकमेकांशी बोलतात, याचं लोकांना कौतुक वाटे. थोरला इंजिन, ब्रेक आणि चाकं बघायचा, धाकटा पत्र्याचं काम करायचा. एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणत. इतकी वर्षं झाली तरी अहोजाहो सुटलं नव्हतं. भांडण झालं तरी धाकटा म्हणायचा, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" त्यातही आदर शाबूत.

एका सकाळी सिस्टर आल्या. त्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यामुळे सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. गेल्याच महिन्यात थोरल्याने त्यांच्या गाडीचे ब्रेकपॅड बदलून दिले होते.

"गाडी धुतली की पायाखालचं मॅटिंग ओलं होतं," त्या म्हणाल्या. "ते एक वेळ चालेल. पण ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. ब्रेकचं काम तुमच्याकडूनच करून घेतलंय ना मी?"

थोरला सामान आणायला बाजारात गेला होता. धाकट्याने गाडी उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि हातात दिवा घेऊन पाठीवर सरकत आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

गाडीच्या दाराखाली लांबच लांब पत्र्याची उभी कडा असते आणि तिच्यावर चाकाजवळ दोन खाचा असतात. जॅक लावायचा तो या खाचांच्या मधल्या जागी. तिथला पत्रा घडीवर घडी घालून जाड केलेला असतो, गाडीचा भार तोच पेलू शकतो. इथे जॅक वीतभर आत लागला होता. फ्लोअरचा पत्रा बिचारा माणसांनी पाय ठेवण्यापुरता असतो. त्याच्यावर अख्ख्या गाडीचं ओझं आलं आणि तो वर दबला. दबताना त्याने शेजारची कडाही आत ओढली. जोडात पाणी अडवायला भरलेला मसाला फाटून पाण्याला वाट मिळाली होती. मधोमध जॅकच्या वाटीचा गोल ठसा उमटला होता, छडी मारल्यावर हातावर वळ उठावा तसा. आणि त्या ठशाच्या काठाशी ब्रेकची बारीक नळी चेपून चपटी झाली होती.

धाकटा बाहेर आला, हात पुसत बसला. मग म्हणाला, "मधे कुठे पंक्चर झालं होतं का? रस्त्यात कुणी चाक बदललं?"

असं विचारताना सिस्टरनी हो म्हणावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यानंतर गाडीला कुणी हात लावलेला नाही. का?"

"गाडी इथेच राहू द्या. चालवू नका."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. माणूस काहीतरी झाकतोय हे ओळखायची त्यांना कामामुळे सवय होती. पण ड्यूटीची वेळ झाली होती, म्हणून किल्ली टेबलावर ठेवून त्या बस पकडायला गेल्या.

थोरला आला तेव्हा धाकट्याने त्याला गाडीखाली नेऊन सगळं दाखवलं. थोरल्याने दिवा हातात घेतला, मान इकडे तिकडे वळवून बघितलं आणि म्हणाला, "कुणीतरी अडाण्याने लावलाय."

"सिस्टर म्हणतात, आपल्यानंतर कुणी हात लावलेला नाही."

"मग मी लावला असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी विचारतोय."

"मी हे काम शिकलो तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात. डोळे मिटून जॅक लावेन मी."

थोरला खोटं बोलत नव्हता, हे धाकट्याला दिसत होतं, आणि त्यामुळेच तो जास्त बेचैन झाला. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

दुपारी बेकरीवाल्याची व्हॅन चाकं बदलायला आली. थोरल्याने जॅक ढकलत आणला, वाकला आणि तो दाराखाली सरकवला. धाकटा पलीकडे पत्रा घासत होता, पण त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं. जॅक खाचा ओलांडून आत गेला. थोरल्याने दांडा मारायला सुरुवात केली. व्हॅन जराशी उचलली गेली आणि खालून पत्रा कुरकुरल्याचा आवाज आला.

"साडूभाऊ, थांबा."

"काय थांबा? जागेवर आहे."

"जॅक खाली घ्या आणि बघा एकदा."

थोरल्याने चिडून जॅक सोडला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने मान तिरकी केली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. जवळच पडलेली वस्तू शोधताना पक्षी मान वळवतो, तसं काहीतरी तो करत होता. जॅक त्याच्या गुडघ्यापाशीच होता. तो नजरेच्या टप्प्यात यायला त्याला वेळ लागला. सापडला तेव्हा तो तसाच खाली फरशीवर बसला.

धाकट्याने शटर अर्धं ओढलं, बेकरीवाल्याला संध्याकाळी या म्हणून सांगितलं आणि थोरल्याच्या शेजारी येऊन बसला.

"कधीपासून?"

"समोरचं दिसतं," थोरला म्हणाला. "अगदी स्वच्छ दिसतं. तुमच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसतो. पण कडेचं आणि खालचं... तिथे काहीच नसतं. अंधार नाही, धूर नाही. काहीच नाही. मला वाटलं, वय झालं, चष्मा बदलला की होईल."

"ताईंना सांगितलंत?"

"तिला काय सांगू?"

"आणि गाडी चालवताय."

थोरल्याने मान खाली घातली. गेल्या आठवड्यातच त्याने दोन्ही घरच्या पोरांना लग्नाला नेऊन आणलं होतं. ते दोघांच्याही मनात एकाच वेळी आलं.

संध्याकाळी सिस्टर आल्या. धाकट्याने मनाशी ठरवून ठेवलं होतं की आपण सांगायचं: जॅक घसरला, होतं कधीकधी, आम्ही भरून देतो. त्यात खोटं फार नव्हतं. पण तो तोंड उघडायच्या आत थोरला उठून पुढे आला.

"सिस्टर, जॅक मी लावला होता. चुकीच्या जागी लागला. माझी नजर गेलीये आणि मी ते अंगावर काढत होतो. तुमची ब्रेकची नळी त्यात चेपलीये. आम्ही सगळं नीट करून देऊ. पण झालं ते माझ्यामुळे."

सिस्टरनी हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मी शाळेसमोरून जाते रोज. एखादं पोर आडवं आलं असतं तर?"

"खरंय," थोरला म्हणाला.

"गाडी झाली की फोन करा," त्या म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्याच जा. परवा नाही."

घरी थोरल्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिची धाकटी बहीणही येऊन बसली होती. "चहा कपाबाहेर ओतायचे," थोरली म्हणाली, "दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. मी म्हणायची, धांदरटपणा वाढलाय." मग ती स्वयंपाकघरात गेली. नळाचं पाणी सुटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, भांडी मात्र वाजली नाहीत. धाकटी उठून तिच्यामागे गेली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखता येते. गाडी चालवणं बंद. थोरल्याने एकच विचारलं, "हे किती दिवसांपासून असेल?" डॉक्टर म्हणाले, "वर्ष, कदाचित जास्त. हळूहळू जातं, म्हणून तर कळत नाही."

परतीच्या रस्त्यावर धाकटा गाडी चालवत होता. थोरला म्हणाला, "वर्षभरात मी जेवढ्या गाड्या उचलल्या, तेवढ्या सगळ्या परत बोलवायच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. खालून बघायच्या."

"साडूभाऊ, गॅरेजचं नाव जाईल."

"जाऊ दे. कुणाचे ब्रेक जायला नकोत."

आधी सिस्टरची गाडी हातात घेतली. सीट काढली, मॅटिंग उचललं. धाकट्याने खालून ठोकळा लावला आणि वरून लाकडी हातोड्याने पत्रा थोडा थोडा करत जागेवर आणला. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि मग कायमचा ढोलासारखा वाजतो. वाकलेली कडा शिकंज्यात धरून सरळ केली, जोड नव्याने भरले, उघड्या पडलेल्या लोखंडावर प्रायमर आणि काळा लेप दिला. नळी नवी टाकली, ब्रेकमधली हवा काढली. थोरला सगळा वेळ दिवा धरून उभा होता. त्याच्या आयुष्यात आजवर दिवा धरायचं काम दुसऱ्याचं होतं. दिवा हलला की धाकटा "जरा इकडे" म्हणायचा आणि थोरला निमूटपणे हात सरकवायचा.

सिस्टरनी गाडी नेण्याआधी मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिले. समाधान झाल्यावर मान हलवली आणि गेल्या. नंतर त्या कधी त्या गॅरेजमध्ये आल्या नाहीत.

मग फोन सुरू झाले. थोरला स्वतः करायचा. "मी साडू बोलतोय, थोरला. तुमची गाडी मी उचलली होती, एकदा खालून बघायची आहे. माझी चूक असू शकते." काहींना वाटलं, नवा धंदा काढलाय. एकाने शिव्या घातल्या, एकजण फुकट तपासणी म्हणून बायकोचीही गाडी घेऊन आला. बऱ्याच गाड्या धड निघाल्या. काहींच्या कडा वाकल्या होत्या, एकीचा फ्लोअर सिस्टरच्या गाडीसारखाच दबला होता. त्या मालकाने गावभर सांगितलं आणि गॅरेजचं काम खरंच कमी झालं. बेकरीवाल्याने मात्र व्हॅन इथेच आणायची असं ठरवलं. "निदान कळतं तरी तुमच्याकडे काय झालंय ते," तो म्हणाला.

शेवटी एकच गाडी उरली. तिचा जुना मालक, एक टॅक्सीवाला, ती विकून मोकळा झाला होता. नवा मालक शहराबाहेर राहायचा, फोन उचलायचा नाही. एका रविवारी दोघे साडू तिकडे गेले. मालक माळीकाम करणारा माणूस होता. त्याच्या गाडीत रोपं भरलेली होती आणि या दोघांचं म्हणणं त्याला नीटसं पटलं नव्हतं. पण सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब आलेल्या माणसांना नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने रोपं उतरवली.

धाकट्याने जॅक खाचांच्या मधे लावला, घोड्या दिल्या आणि आत सरकला. थोरला बाहेर उकिडवा बसून राहिला.

"सरळ आहे," आतून आवाज आला.

"दुसरी बाजू?"

"तीही. कुठे काही नाही."

"नक्की?"

धाकट्याने हात बाहेर काढला, थोरल्याचा हात धरला आणि दाराखालच्या कडेवर नेऊन ठेवला. थोरल्याने बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवली. दोन्ही खाचा लागल्या. मधला पत्रा सपाट होता, थंड होता, कुठे दबलेला नव्हता.

त्याने हात काढून घेतला आणि पँटला पुसला. मग दोघांनी माळ्याला रोपं पुन्हा गाडीत भरून दिली. नाजूक होती, म्हणून थोरला एकेक कुंडी दोन्ही हातांनी धरून द्यायचा आणि धाकटा आत लावायचा.