मनुकांचा रस

मोर्शीच्या आमच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी द्राक्षरस विकत आणत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी मनकर्णाबाई मनुका उकळून, फडक्यातून गाळून रस करते आणि स्टीलच्या डब्यातून चर्चमध्ये आणते. आम्ही सगळे पितो. तिच्यासमोर ताट आलं की ती मात्र ते तसंच पुढे सरकवायची, भाकरीचा तुकडाही घ्यायची नाही. आपणच रांधायचं अन् आपणच उपाशी राहायचं, असा हट्ट.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या दीपमालाची सोयरीक अकोल्याच्या चांगल्या घरी जुळली होती. मनकर्णाबाईच्या जावेनं, माणिकबाईनं, मुलाच्या आईला सांगितलं की पोरीला फिट येते. लहानपणी तापात एकदाच आली होती. सोयरीक मोडली, पुन्हा कुठे जुळली नाही आणि दीपमाला नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत लागली. मनकर्णाबाईचं म्हणणं एवढंच, "एकदा तोंडानं म्हण, चुकलं म्हून. मी सोडून देतो." माणिकबाईचं उत्तर ठरलेलं, "खोटं काय बोलली मी?" दोघी एकाच सतरंजीवर बसायच्या, मधे चार बायका ठेवून.

मन साफ नसताना त्या ताटाला हात लावू नये, असं मनकर्णाबाईनं उपदेशात ऐकलं होतं आणि तिला देवाशी लबाडी जमत नव्हती. आमच्यातल्या निम्म्याजणी चार वैरं मनात धरून खुशाल तुकडा तोंडात टाकतात. नावं घेत नाही.

मागच्या वर्षापासून तिचे कान गेले. कापसाचा बोळा हळूहळू आत सरकावा तसे गेले. तिला त्याचं फार दुःख नव्हतं. "बरं झालं," म्हणायची, "आता सारं जग झोपेत चालल्यावाणी दिसते." पंखा आवाजाशिवाय फिरायचा, कोकिळा नुसती चोच उघडायची, पाळकसाहेबांचा उपदेश म्हणजे हात हलवणारा एक पांढरा सदरा. गिरणीत यंत्रांपुढे कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, बाया ओठांवरूनच बोलणं ओळखतात. दीपमालानं घरी चुलीपाशी ते आईलाही शिकवलं. जेवलीस का, गोळी घेतली का, एवढं जमायला लागलं होतं.

तो फेब्रुवारीचा पहिला रविवार होता. बागांमधून संत्र्याचा बहार फुटला होता आणि खिडक्यांतून इतका गोड वास येत होता की मंडळी बसल्या जागी पेंगत होती. ऊन सतरंजीवर पसरलं होतं. आपण जागे आहोत की नाही, हेच मला नीट कळत नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, "आता प्रत्येकानं मनातल्या मनात प्रार्थना करावी." माना खाली गेल्या. सगळीकडे शांत झालं.

आणि त्या शांततेत मनकर्णाबाईचा आवाज आला. आपण मनातच बोलतोय, असं तिला वाटत होतं.

"देवा, आज बी नाही होऊन राहिलं माह्याकून. माणिकेले माफ करायचं मनात आणतो, अन् माही पोरगी डबा घेऊन गिरणीत जाताना दिसते. मंग सारं जळते. पण मले भूक लागली रे देवा. तुह्या ताटाची भूक लागली. रस मीच करतो, त्याचा वास घेतो, अन् घरी जाऊन पानी पितो. कुठवर?"

कोणी मान वर केली नाही, पण डोळे एकाचेही मिटलेले नव्हते. पाळकसाहेब ताट हातात धरून तसेच उभे राहिले.

माणिकबाई उठली. गुडघ्यांवर हात टेकत, चार बायका ओलांडून आली, जावेसमोर बसली आणि तिच्या खांद्याला हात लावला. मनकर्णाबाईनं डोळे उघडले. आता माणिकबाई 'चुकलं' म्हणणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"मोठ्यानं बोलून राहिली वं तू," माणिकबाई म्हणाली. "सारे ऐकून राहिले. हळू बोल."

बस्स. एवढंच.

मनकर्णाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं जावेचा हात धरला आणि तिला ओढून शेजारी बसवलं. ताट आलं. तिनं तुकडा उचलला, मोडला, अर्धा माणिकबाईच्या तळहातावर ठेवला आणि अर्धा आपल्या तोंडात टाकला. मग आपणच केलेला रस डोळे मिटून प्यायली. माणिकबाईची मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

चर्च सुटल्यावर मनकर्णाबाई, दीपमाला आणि मी, अशा आम्ही तिघी बागेकडच्या वाटेनं निघालो. दीपमाला रागानं आईच्या पुढ्यात उभी राहिली आणि सावकाश ओठ हलवत म्हणाली, "माय, काकू माफी नव्हती मागून राहिली. तुले उगाच वाटलं."

"मले काय वाटलं? 'हळू बोल' म्हणे ते," मनकर्णाबाई हसली. "एका चुलीवर रांधलं आमी. तिचं तोंड मले नाही समजणार?"

"मंग काहून?"

"मी तरी कवा म्हटलं देवाले, चुकलं म्हून? तरी दर महिन्याले ताट पुढं आणलंच न त्यानं. मीच सरकवत होती."

दीपमालाचे डोळे भरले. "पण तिनं मोडलं ते माह्यं होतं, माय."

"हो. म्हून तुह्या वाटचं मी माफ नाही केलं. ते तुह्यं तू पाहाय."

मागून चपला घासत कोणी येत होतं. माणिकबाई होती. धापा टाकत ती दीपमालासमोर थांबली आणि मूठ उघडली. घामानं भिजलेला तो अर्धा तुकडा तसाच होता.

"पोरी, हे माह्याच्यानं गिळलं नाही जात," ती म्हणाली. "तुह्या जीवनाचं वाटोळं केलं मी. तू म्हणशीन तरच खातो."

दीपमालानं त्या तुकड्याकडे पाहिलं. संत्र्याची पांढरी फुलं वाटेवर गळत होती. मग तिचे ओठ हलले, गिरणीत हलतात तसे, आवाज न करता. मला काही ऐकू आलं नाही. माणिकबाईलाही नाही. ती घाबरून जावेकडे वळली, "काय म्हणे वं पोरगी?"

मनकर्णाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"खा म्हणते," ती म्हणाली.