निळा साठ, पांढरा दहा

मी दिवा बोलतोय. तेल-वातीशी माझा संबंध नाही. हातभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्या पोटाला एलईडीचे बारीक मणी, अर्धे निळे, अर्धे पांढरे, एवढाच माझा देह. काचेच्या एका टाकीवर मी दोन वर्षं टांगलेलो आहे. टाकीत आता खारं पाणी आणि एक उघडा दगड आहे. तो दगड उघडा कसा पडला, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर निघालो तो थेट संग्रामपुरात, पंजाबरावांच्या पुढच्या खोलीत. त्यांची मुलगी मंजुश्री मला मऊ कापडाने पुसत होती. ती रत्नागिरीला माशांच्या कॉलेजात शिकते. तिचा अभ्यास प्रवाळांचा, म्हणजे अंगठीतल्या पोवळ्याच्या मऊ भाऊबंदांचा. टाकीत वाढवलेल्या एका प्रवाळाचे तिने दोन भाग केले होते. एक तिकडे पांढऱ्या दिव्याखाली, दुसरा इकडे माझ्या निळ्या उजेडाखाली. कॉलेजात दुसऱ्या टाकीला जागा नव्हती आणि घरी बाबा होते. कुठला भाग जास्त वाढतो, कुणाचा रंग टिकतो, हे तिला दोन वर्षं पाहायचं होतं. तिची पदवी त्यावरच अडलेली होती.

आमच्याकडच्या बोअरचं पाणी मुळात खारं, पण ते खारेपण समुद्राचं नव्हे. म्हणून पंजाबराव आरओचे जार आणत आणि त्यात पुडीतलं समुद्राचं मीठ कालवत. त्यांच्या पत्नी जनकाबाई म्हणायच्या, "गाव गोड्या पान्यासाठी रडते, अन् तुमी गोड्यात मीठ टाकून राह्यले." तरी टाकीची काच त्याच पुसायच्या, आणि कुणी आलं की "माह्या पोरीचं पोवळं" म्हणून दाखवायच्या.

जायच्या आधी मंजुश्रीने मीटर पाण्यात बुडवून माझा उजेड मोजला आणि माझे आकडे ठरवले. शंभरापैकी निळा साठ, पांढरा दहा.

"बाबा, याले हात लावू नका. कमी-जास्त वाटलं तर डोळ्यानं ठरवू नका, मीटर लावा. कपाटात ठेवलं हाये."

"मले सांगतं काय?" पंजाबराव हसले. "एकतीस वर्षं वायरमन होतो म्या. टेस्टर लावल्याबिगर तारेले कधी हात नाही लावला."

दीड वर्ष फार सुखाचं गेलं. माझ्या उजेडात दगडावरच्या प्रवाळाच्या वाट्या हिरव्या चमकायच्या. सुरुवातीला बाटलीच्या बुचाएवढ्या होत्या, पुढे एकेक वाटी बांगडीएवढी झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेला पंजाबराव पट्टी धरून फोटो काढत आणि पाठवत. तिकडच्या भागापेक्षा आमचा सरस निघतोय, असं मंजुश्रीने सांगितलं त्या दिवशी मला गर्व झाला. दिव्यानेही माजू नये, पण मी माजलो.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी पंजाबराव माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "हा दिवा उतरून राह्यला."

मी उतरलो नव्हतो. माझा एकही मणी मेला नव्हता. पण मला तोंड कुठे आहे? त्यांनी निळा सत्तरवर नेला. पंधरा दिवसांनी ऐंशी. पावसाळ्याच्या तोंडावर मी शंभरावर जळत होतो आणि माझी पाठ तव्यासारखी तापत होती.

जनकाबाई डोळ्यांवर पदर धरून म्हणाल्या, "अहो, माहे डोळे दिपून राह्यले. मीटर लावून पाहा ना एकडाव."

"मले काऊन मीटर पाह्यजे? सारी जिंदगी उजेडच पाह्यला म्या."

त्याच सुमारास ते बुलढाण्याला निघाले आणि जळगाव जामोदच्या गाडीत बसले. पाटी वाचता आली नाही, हे त्यांनी कबूल केलं नाही. गाडीवाल्याने पाटी बदलली म्हणाले. घरात सगळ्यांवर डोळे वटारणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोललेलं खपत नाही.

मग त्यांनी माझ्या शेजारी एक फ्लडलाईट आणून टांगला, खळ्यावर लावतात तसला. चार दिवस तो, चार दिवस मी, अशी आमची परीक्षा घेतली. त्याचा उजेड पांढरा रखरखीत. "याले म्हन्ते उजेड," ते खुशीत म्हणाले आणि त्यांनी दोघांनाही एकदम चालू ठेवलं. मला त्या फ्लडलाईटचा राग आला, पण त्याचं काय चुकलं? तो खळ्यासाठी जन्मलेला, त्याला पोवळ्याशी काय देणंघेणं.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्याला अन्न देतं, तेच रंग देतं. उजेड फार झाला की ते शेवाळ अंग सोडून जातं. हिरव्या वाट्या आधी फिक्या झाल्या, मग कडांनी वळल्या, मग शिजलेल्या साबुदाण्यासारख्या दिसू लागल्या. हे सगळं माझ्याच उजेडात चाललं होतं. मी रोज सकाळी पेटत होतो आणि रोज त्यांना मारत होतो.

मंजुश्रीचा फोन आला. "बाबा, फोटोत फार पांढरं दिसते. आकडे तेच हायेत ना?"

"उजेड तेवढाच हाये, मंजू."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांना उजेड तेवढाच होता. तिने आकडे विचारले होते, एवढंच.

दसऱ्याच्या आधी त्यांच्या हातून उकळता चहा कपाच्या बाहेर ओतला गेला आणि हात भाजला. तेव्हा कुठे ते खामगावला डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते घरी आले आणि पुढच्या खोलीत येऊन त्यांनी चष्मा काढला.

दारातच थबकले. "एवढं निळं कोनं केलं?"

"कोन करन?" जनकाबाई हळू म्हणाल्या. "तुमीच केलं. डॉक्टर म्हनत होते ना, मोतीबिंदू पिकला का निळा उजेड आत जातच नाही म्हून."

पंजाबराव माझ्याजवळ आले. माझ्यावरचा शंभराचा आकडा त्यांनी वाचला. मग खाली पाहिलं. दगडाला चिकटलेला पांढरा चिकट थर तेवढा उरला होता, आणि पाण्याच्या झोताने तोही सुटत होता. त्यांनी फ्लडलाईट बंद केला, मला साठावर आणलं, आणि कपाटातून मीटर काढून पाण्यात बुडवलं. मंजुश्रीने मोजला होता तेवढाच आकडा आला. ती गेल्यापासून मीटर पहिल्यांदाच पाण्यात उतरलं होतं.

मग त्यांनी फोन लावला. "मंजू, आकडे म्या वाढवले. उन्हाळ्यापासून. तुह्यं पोवळं गेलं."

पलीकडून तिने विचारलं, "आता नीट दिसते ना बाबा?"

"दिसते," ते म्हणाले. "समदं दिसते." आणि फोन जनकाबाईंच्या हातात देऊन खाली बसले.

मंजुश्रीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. ती रागावली नाही, आणि तेच त्यांना सोसत नाही. आता रोज सकाळी ते मला साठावर लावतात, समोर खुर्ची ओढतात आणि दुपारपर्यंत त्या दगडाकडे बघत बसतात. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा टाळली. जनकाबाई म्हणतात, "बंद करा ना तो दिवा," तर म्हणतात, "राहू दे."

माझं बटण माझ्या हातात नाही. असतं तर उन्हाळ्यातच मी स्वतःला विझवलं असतं. तुमच्यापैकी कुणी संग्रामपूरकडे आलात तर पंजाबरावांच्या घरी जा, त्यांच्याजवळ थोडं बसा, त्यांना खामगावला घेऊन जा. आणि जाताना मला बंद करा.