पालथा ठेवलेला ताशा

मी ताशा बोलतोय. वरातीतला नाही, फुटबॉलच्या मैदानातला. औरंगपुऱ्याच्या एका गल्लीत रिझवान पँटी उसवून-शिवून देतो. त्याच्या मशीनच्या वर, खिळ्याला मी टांगलेला असतो.

अंग तांब्याचं, तोंडावर बकऱ्याचं कातडं. तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, म्हणून असेल, गप्प बसणं मला कधी जमलं नाही. सितारा क्लबच्या लोकांनी मला विकत घेतलं तेव्हा सदाशिवमामा क्लबचे मॅनेजर होते. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे सगळंच. संघ त्यांनी निवडायचा, मैदानावर फक्की त्यांनी मारायची, मध्यंतराला लिंबंही त्यांनीच कापायची.

मामांचा नियम एकच होता. जो रोज सकाळी सरावाला येईल, तो रविवारी खेळेल. रिझवानही त्याच नियमानं खेळला. चेंडूपेक्षा हवेलाच जास्त लाथा मारायचा, पण यायचा रोज. मग त्याचा गुडघा गेला आणि तो मैदानाकडे फिरकेना. तेव्हा मामा मला घेऊन त्याच्या घरी गेले.

"पाय गेला तर गेला, हात हायेत ना?" असं म्हणून त्यांनी माझा पट्टा त्याच्या गळ्यात घातला.

काय दिवस होते ते! सामन्याआधी प्रेक्षकांच्या कट्ट्याजवळ पुठ्ठे पेटवून रिझवान माझं कातडं शेकायचा. ते ताणलं की काड्या अशा बोलायच्या की करमाडहून सामना बघायला येणारा कडुबा कंपनीतल्या कामाचा थकवा विसरून कट्ट्यावरच नाचायला लागायचा. मामा रेषेजवळ उभे असायचे. मागे न बघताच हात वर करायचे. त्याचा अर्थ, आणखी जोरात.

मग सितारा हरायला लागला. दुसरे क्लब सामन्यापुरते बाहेरून तयार खेळाडू आणायचे. मामा आणत नव्हते.

"पोरगं अंधारात उठून येतं. त्याला काय सांगू, घरी बस म्हणून?"

"मामा, आपल्याला शाळंची हजेरी नाय घ्यायची," कडुबा म्हणाला. "मॅच जिंकायचीय."

सगळे हसले. मामाही हसले. पण त्या दिवसापासून लोक त्यांच्यामागे कुजबुजू लागले.

सिताराची एक रीत आहे. मॅनेजरला शिव्या द्यायच्या नाहीत. तो नको झाला, की ताशा कट्ट्यावर पालथा ठेवायचा आणि अख्खा सामना कुणी आवाज करायचा नाही. माझ्या आधीच्या ताशावर ही वेळ एकदा आली होती. त्या मॅनेजरनं त्याच संध्याकाळी गळ्यातली मॅनेजरची शिट्टी क्लबला परत केली होती.

एका रविवारी कडुबा रिझवानला म्हणाला, "ठेव पालथा."

"माझ्याच्यानं नाय होणार, कडुबाभाऊ. मामांनीच हा माझ्या गळ्यात घातला."

"म्हणून तर तू ठेव. आम्ही ठेवला तर त्यांना वाटंल, चार टवाळांचं काम हाय. तू ठेवला तर कळंल त्यांना." कडुबानं आवाज खाली आणला. "मला काय मामा आवडत नाय व्हय? पण किती हरायचं रे?"

रिझवाननं पट्टा गळ्यातून काढला.

पालथं पडल्यावर दिसत काहीच नाही. चेंडूची थाप ऐकू येत होती, आणि मामांचा एकट्याचा आवाज. त्या दिवशी आपण गोल केला. गोल करणारा पोरगा कट्ट्याकडे धावत आला, आणि कुणीच काही बोलेना तसा त्याच्या पावलांचा आवाज समोरच थांबला.

मध्यंतराला मामा आले. मला वाटलं, आता रागावतील.

"रिझवान, कातडं दगडाला लावू नको बेटा. ओल धरतंय, मग सैल पडंल." त्यांनी मला उचललं, खांद्यावरचा पंचा खाली अंथरला आणि त्यावर मला पुन्हा पालथंच ठेवलं. "नवा माणूस आला की वाजवावा लागंल ना ह्याला."

"मामा..."

"काय?"

"काय नाय."

संध्याकाळी मामांनी शिट्टी दिली.

नवा मॅनेजर आकाश हुशार. त्यानं बाहेरून खेळाडू आणले आणि सितारानं करंडक जिंकला. मिरवणुकीत मी कधी नव्हे इतका वाजलो. रिझवाननंच ती मामांच्या गल्लीत वळवली. मामा बनियनवरच बाहेर आले, खूष होते.

"मी बघत होतो बरं का, पार कोपऱ्यातून. शेवटच्या पेनल्टीला काय झेपावलं ते गोलकीपर! नाव काय पोराचं?"

रिझवाननं कडुबाकडे पाहिलं. कडुबानं मागच्यांकडे. गोलकीपर बक्षीस घेऊन केव्हाच बसनं निघून गेला होता. नाव कुणालाच माहीत नव्हतं.

"विचारून ठेवा," मामा म्हणाले. "पुढच्या वेळी हाक मारायला लागंल."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. म्हणूनच रिझवानच्या काड्या परतताना नीट पडेनात. पुढे क्लबनं स्पीकर आणला आणि मी या खिळ्यावर आलो.

आता सितारा पुन्हा हरतोय. परवा कडुबा दुकानात आला.

"ताशा दे. आकाशला हटवायचाय."

रिझवाननं मशीन थांबवलं नाही. "वाजवायचा आसंल तर मीच घेऊन येतो."

"आन् पालथा ठेवायचा आसंल तर?"

"तर जाऊन आकाशला तोंडावर सांगा. मी बी येतो सांगायला. मामांना सांगायला पायजे होतं, तसं."

कडुबा स्टुलावर टेकला. मग म्हणाला, "मामा कुठं असतेत आता?"

"सकाळी मैदानावर. येतील त्या पोरांना खेळवतेत."

बाबांनो, क्लब तुमचा आहे. मॅनेजर बदलायचा तर खुशाल बदला. पण तुमचं न बोलणं माझ्या तोंडून वदवू नका. आणि कधी सकाळी मैदानाकडे निघालात, तर मलाही न्या. तिथं पोरं गोल करतात, पण वाजवायला कुणी नसतं. माझं कातडं थोडं शेकावं लागेल, एवढंच.