ज्या दिवशी रुपराव ओरडला नाही

दचकू नका, खो-खोच्या मैदानातला खांब तुमच्याशी बोलतो आहे. मी उमरेडच्या जंगलातला सागवान. माझा बुंधा एवढा जाड होता की पाठ खाजवायला वाघ रांग लावून उभे राहत. खोटं वाटतं? वाटू द्या. लकडगंजच्या आरागिरणीत माझे तुकडे झाले. वरच्या भागाचा कुणा डॉक्टरकडे झोपाळा झाला, मधल्याचं देवघर झालं, आणि माझ्या वाट्याला मनीषनगरच्या या मैदानातला खड्डा आला. रंधा मारून मला असं गुळगुळीत केलं, की माझ्यावर बसलेली माशी घसरून थेट नरखेडला पोहोचावी.

मैदानाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझा भाऊ. मधे रेषेवर बसलेल्या पोरी. पाठलाग करणारी पोरगी धावत येते, एका हाताने मला धरते, अंग झोकून सूर मारते आणि पळणारीला शिवते. तेवढा क्षण तिचा सगळा भार माझ्यावर असतो. माझं काम म्हणजे एवढंच.

सुरुवातीला मला सगळं लागायचं. आता काही लागत नाही. मे महिन्याचं ऊनही नाही, आणि रेषेबाहेरच्या खुर्च्यांवरून येणारा आवाज तर नाहीच. तिथे आईबाप बसतात.

"पंच आंधळी हाय का गा?"

"पाड तिले, पाड!"

"रडून काय राहिली वं? ऊठ!"

पोरी आधी दचकायच्या. हळूहळू त्यांच्याही चेहऱ्यावर साल चढली. माझी तेवढी उतरली होती.

सगळ्यात मोठा आवाज रुपराव हेडाऊचा. घराणं विणकरांचं, हा मात्र टाइल्सच्या दुकानात कामाला. हा एकदा 'आऊट' म्हणून ओरडला, तेव्हा समोरच्या इमारतीत एका म्हाताऱ्याचा चहाचा कप आपोआप बशीत उलटा झाला. अपेक्षा त्याची मुलगी. त्या रविवारच्या सामन्यातून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. अपेक्षाने वर्षभर दुसरं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

नाणेफेकीसाठी सगळे पंचांच्या टेबलाशी जमले, तेव्हा रुपराव माझ्याजवळ आला. खिशातून बाटली काढली आणि मला वरून खालपर्यंत तेल चोळलं. जवसाचं तेल, ओवा आणि कापूर घातलेलं. हिशेब साधा होता. अपेक्षाचा संघ नाणेफेक जिंकला की नेहमी आधी पळायचं घेई. मग पाठलाग करायला समोरचा, धनश्रीचा संघ येणार, त्यांचे हात सटकणार; डाव बदलताना तो मला गुपचूप पुसून घेणार.

पण नाणेफेक जिंकली धनश्रीने, आणि पळती तिनेच मागून घेतली. पाठलाग अपेक्षाच्या संघावर आला.

मी रुपरावकडे पाहिलं. बाटली अजून मुठीतच होती. एकदा 'थांब' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग लोकांनी विचारलं असतं, काहून? ज्याच्या ओरडण्याने कप उलटतात, त्याच्या तोंडातून फुंकरही निघाली नाही.

अपेक्षा धनश्रीच्या मागे वाऱ्यासारखी आली. मला धरलं. हात सटकला. खांदा जमिनीवर आपटला.

मला काही जाणवलं नाही. जाणवायला हवं होतं, एवढं कळलं.

धनश्रीची आई जयवंताबाई क्षणापूर्वी 'लंगडी हाय ते, पळ तू' म्हणून ओरडत होती. पाण्याची बाटली घेऊन तीच पहिली धावली. "कुठी लागलं वं, बाई?"

अपेक्षाचं लक्ष नव्हतं. ती तळहाताचा वास घेत होती. सराव करून घरी गेली की बाबा हेच तेल तिच्या पोटऱ्यांना चोळायचे. माझ्या पायथ्याशी बसून तिनेच मैत्रिणींना कौतुकाने सांगितलेलं. तिने बापाकडे पाहिलं. बाप चपलांकडे पाहत होता.

तिच्या जागी दुसरी पोरगी खेळली; अपेक्षा पडलेली पाहून बाकीच्यांनी मला धरून सूर मारलाच नाही. डाव संपला, बाजू बदलल्या. पंच देवकी मॅडमनी शिट्टी ओठांत धरली, तेवढ्यात ओढणीत हात अडकवलेली अपेक्षा माझ्याजवळ आली.

"मॅडम, थांबा. खांब पुसू द्या."

"काहून? काय झालं?"

"तेल हाय."

मॅडमनी माझ्यावर बोट फिरवून नाकाशी नेलं. "कोनं लावलं हे?"

"मले नाही माहीत."

ती खाली बसली. चांगल्या हाताने माती उचलून मला घासू लागली. जयवंताबाई पुढे झाली. "राहू दे, पोरी. आमी पुसतो ना."

"तुमच्यानं नाही निघनार, काकू. मले माहीत हाय ते कसं निघते."

हे तिने हळूच म्हटलं. पण मैदान एवढं शांत होतं की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

मग धनश्रीने मलाच धरून सूर मारले, पोरींमागून पोरी बाद केल्या. अपेक्षाचा संघ हरला. निवड धनश्रीची झाली.

आता अपेक्षाचा खांदा बरा आहे. ती खेळायला येते. रुपरावही येतो, सगळ्यांच्या आधी. कोरड्या फडक्याने आम्हा दोन्ही खांबांना पुसतो. ती बाजूलाच केस बांधत असते. मग तो गेटबाहेर जाऊन उभा राहतो. तिथून मैदान दिसत नाही. पोरींचा 'खो' तेवढा ऐकू येतो, आणि त्यातला अपेक्षाचा कोणता, हे त्याला ओळखू येतं म्हणे.

खुर्च्यांवरचे बाकीचे ओरडतातच. मला त्याचं काही वाटत नाही, मी लाकूड आहे. तुमचं पोरगं कुठे खेळत असेल, तर एक सामना गेटबाहेरून ऐकून पाहा. जागा आहे तिथे. रुपराव सरकेल थोडा.