चालू स्थितीतला लखन

२००६ साली लखनने इंजिनिअरिंगचा शेवटचा प्रोजेक्ट केला आणि त्यातच अडकला.

प्रोजेक्ट असा, की दोन अँटेना एकाच वेळी दोन वेगळे फोटो पाठवणार आणि समोरचे दोन अँटेना ते पुन्हा वेगळे करणार. मोकळ्या लॅबमध्ये सिग्नल सरळ यायचे, दोन्हीकडे सारखेच पोचायचे आणि फोटोंची खिचडी व्हायची. ते इकडंतिकडं आपटत वेगवेगळ्या वाटांनी आले, तरच गणित सुटणार होतं. म्हणून लखनने दोन लोखंडी कपाटं ओढून आणली. तरी खिचडी उरलीच. शेवटी वैतागून तो स्वतःच कपाटांच्या मध्ये जाऊन उभा राहिला, तर पडद्यावर दोन्ही फोटो लख्ख. एकात गंगापूर धरण, दुसऱ्यात लॅब सांभाळणाऱ्या सहादूमामांची म्हैस.

परीक्षक खूश झाले. फक्त म्हणाले, "ज्याच्याशिवाय हे चालत नाही, ते सगळं यादीत पाहिजे." विभागप्रमुख ज्योत्स्ना मॅडम नियमाला पक्क्या. त्यांनी लगेच डेड स्टॉक रजिस्टर काढायला लावलं आणि सहादूमामांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: अँटेना, नग चार. कपाट, नग दोन. लखन, नग एक.

लखनला पुण्यात नोकरी लागली होती. सोमवारी अकराला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्यासाठी कॉलेजचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी लॅबची सही.

"देतो की सही," मामा म्हणाले. "आधी सामान जमा कर."

"केलं. चार अँटेना, दोन कपाटं."

"अन् लखन?"

"मामा, तो मीच."

"मग हो जमा."

लखन जमा झाला. मामांनी सही ठोकली. लखन दाराकडे वळला.

"कुठं निघाला? जमा झालेलं सामान बाहेर जात नाय."

तो मॅडमकडे गेला. सामान लॅबबाहेर न्यायचं, म्हणून मामा गेटपास घेऊन सोबत.

"समिती बसवावी लागेल," मॅडम म्हणाल्या. "तू निकामी ठरलास की यादीतून नाव काढू."

"मी निकामीच आहे, मॅडम. आई लेखी देईल."

"आई समितीत नाही."

शनिवारी समितीचे तीन सर आले. लखन कपाटांच्या मध्ये उभा राहिला आणि जीव तोडून वाईट उभा राहिला. वाकला, उकिडवा बसला, शेवटी एका पायावर उभा राहून हात छताकडे केले. पडद्यावर धरणाच्या भिंतीवरचे दगड मोजता येऊ लागले.

"अस्संच राहा," एक सर म्हणाले आणि शेरा लिहिला: 'चालू स्थितीत. वापर वाढवावा.'

सोमवारी अकराला दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल लागलं. तीस पोरं वह्या घेऊन समोर बसली. लखन म्हणाला, "मला पुण्याला जायचंय."

"बोलू नका ना," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "म्हैस हलते."

प्रॅक्टिकल संपल्यावर मामांनी कपाटं पुसली, त्याच फडक्याने लखनचे खांदे पुसले. मग पांढऱ्या रंगाचा डबा उघडून त्याच्या शर्टाच्या पाठीवर रजिस्टरातला नंबर घातला.

"वाळेस्तोवर हलू नको," ते म्हणाले.